विद्यार्थ्याने मारलं, हात फ्रॅक्चर झाला, शाळा म्हणते गप्प बसा

मॅडम, तुमचा मेल वाचून खरंच वाईट वाटलं. आठवीच्या वर्गात दोन मुलांची मारामारी सोडवायला तुम्ही मधे पडलात, त्यातल्या १४ वर्षांच्या मुलाने स्टीलची बाटली मनगटावर हाणली, फ्रॅक्चर झालं, मुख्याध्यापक म्हणाले शाळेची बदनामी होईल जिन्यावरून पडले सांगा, तुम्ही डॉक्टरला तसंच सांगितलंत, आणि आता वडील म्हणतायत तक्रार केली तर मुलाला मारलं म्हणून तुमच्यावरच केस टाकू.

पोलिसात जायला मुख्याध्यापकांची परवानगी लागत नाही. मार तुम्हाला लागलाय, तक्रारदार तुम्ही.

मला जास्त काळजी आहे ती केसपेपरची, कारण त्यावर 'जिन्यावरून पडल्या' लिहिलंय आणि समोरचा वकील पहिलं बोट त्यावरच ठेवणार. त्यात खाडाखोड करायला अजिबात सांगू नका. त्याच डॉक्टरकडे जा, खरं काय झालं ते लेखी द्या, पोच घ्या, आणि तक्रारीतसुद्धा स्पष्ट लिहा की आधी तसं का सांगितलं आणि कोणाच्या सांगण्यावरून. एक्सरे जपून ठेवा. मुख्याध्यापकांनाही अर्ज द्या आणि आवक नंबर घेतल्याशिवाय ऑफिसमधून हलू नका.

"त्या पोराचं आयुष्य बरबाद होईल का" असं तुम्ही विचारलंय. नाही होणार. फ्रॅक्चर म्हणजे भारतीय न्याय संहितेत गंभीर दुखापत (कलम ११६), पण १८ च्या आतल्या मुलाला बाल न्याय कायदा २०१५ लागतो, त्याला लॉकअपमध्ये ठेवता येत नाही, प्रकरण बाल न्याय मंडळासमोर जातं आणि तिथे समुपदेशनाचा आदेशही होऊ शकतो. अशा प्रकरणात सहसा एफआयआर न होता स्टेशन डायरीत नोंद होते, म्हणून "एफआयआर होत नाही" ऐकून परत येऊ नका, डायरी नोंदीचा नंबर मागा.

वडिलांच्या धमकीचं म्हणाल तर ती कधी, कोणासमोर दिली तेही तक्रारीत घाला. दुसऱ्या मुलाला वाचवायला गरजेपुरतं बळ वापरणं हा गुन्हा नाही, खासगी बचावाचा हक्क दुसऱ्याच्या शरीरासाठीही असतो. फक्त भांडण सोडवून झाल्यावर रागात एखादी चापट मारली असेल तर ते आधी आपल्या वकिलाला खरं सांगा, शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ त्याबाबत कडक आहे.

मारामारीचा जो व्हिडिओ वर्गात शूट झालाय, तो स्टाफ ग्रुपवर प्लीज टाकू नका. मुलाची ओळख उघड करणं हाच वेगळा गुन्हा आहे (बाल न्याय कायदा, कलम ७४). ज्या मोबाईलमध्ये शूट झालाय त्यातून डिलीट करू देऊ नका, एक कॉपी पेनड्राइव्हवर घ्या.

आणि मुलाला शाळेतून काढा अशी मागणी अर्जात नको, प्राथमिक शिक्षण म्हणजे आठवी पूर्ण होईपर्यंत कायद्याने काढताच येत नाही. त्याऐवजी समुपदेशक नेमा आणि तोपर्यंत त्या वर्गावर सोबत दुसरे शिक्षक द्या, हे मागा.