‘आप्पांचा स्वभावच हेकट, व्यायाम कसा करून घ्यायचा?’

अमळनेर तालुक्यातल्या एका सूनबाईंनी विचारलं होतं, ‘‘आप्पा ७१ वर्षांचे. पडले, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. फिजिओथेरपिस्ट घरी येतात, तर आप्पा तोंड फिरवून झोपतात. पहिल्यापासून हेकट. या वयात स्वभाव बदलेल का?’’ (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

स्वभाव बदलायचाच नव्हता. चिंता करणाऱ्या माणसाला तेच दुखणं अधिक जाचतं, हे खरं. पण शिस्त हाही स्वभावच, आणि आप्पांनी उभा जन्म कापसाच्या हिशेबाची वही चोख ठेवली होती.

सगळ्यांना बाहेर पाठवून आम्ही बोललो. बराच वेळ गप्प राहून ते म्हणाले, ‘‘आते मी काय कामना?’’ (आता मी काय कामाचा?) मग हळूहळू खरं दुखणं निघालं. रात्री संडासला जायचं तर सुनेला उठवावं लागे. म्हणून ते संध्याकाळनंतर पाणीच पीत नव्हते. त्यात पुन्हा पडण्याची धास्ती. घरचे ज्याला हेका म्हणत होते, त्यात निम्मी लाज होती आणि निम्मी भीती. आयुष्यभर दुसऱ्याला हुकूम दिलेल्या माणसाला ही लाज फार जड जाते.

जागतिक आरोग्य संघटनेची जीवनमानाची २६ प्रश्नांची प्रश्नावली शरीर आणि मनासोबत नातेसंबंध आणि परिसरही विचारते, ते उगीच नाही. आम्ही आधी परिसरच धरला. खाटेशेजारी कमोडची खुर्ची, भिंतीला धरायला दांडी, रात्रभर बारीक दिवा. मुलाने रविवारी सगळं बसवून दिलं.

व्यायामाची वेळ आप्पांनीच ठरवली, पहाटेची. वहीही त्यांचीच: किती वेळा खुर्चीतून उठलो, वॉकर घेऊन कुठवर गेलो. कापसाचं वजन होताना काट्याजवळ आपण उभं असायचं, हे त्यांनी स्वतः पहिल्या पानावर लिहिलं. त्या हंगामात ते काठी टेकत उभे राहिले आणि वजनावरून व्यापाऱ्याशी भांडलेही. सूनबाईंना अजून हेकट वाटतात. वाटू देत.

मात्र ‘स्वभावच तसा’ म्हणून नैराश्य झाकलं जाऊ नये, यासाठी मी त्यांची १५ प्रश्नांची, हो-नाही उत्तरांची वृद्धांसाठीची चाचणीही घेतली होती. माणूस अलीकडे बदलला असेल, दोन आठवडे झोप-भूक गेली असेल, ‘मी ओझं झालोय’ हे वारंवार येत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही मोफत बोलता येतं.