लैंगिकता शिक्षण: पालकांचे, शिक्षकांचे आणि एका मुलाचे प्रश्न

शाळांमध्ये वयानुरूप लैंगिकता शिक्षण हवं आणि ते पहिलीपासूनच सुरू व्हायला हवं, असं मी गेल्या महिन्यात लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांपैकी काही इथे घेते आहे.

माझी मुलगी आठवीत आहे. या वयात हे शिकवलं तर नको ते कुतूहल जागं होईल. आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं, आमचं काय बिघडलं? (एक वडील, सातारा)

तुमची काळजी खरी आहे, म्हणून सविस्तर लिहिते. युनेस्कोने 2018 मध्ये आपली मार्गदर्शक तत्त्वं सुधारली, तेव्हा अनेक देशांतल्या अभ्यासांचा आढावा घेतला होता. अशा शिक्षणामुळे मुलं शरीरसंबंधांकडे लवकर वळतात, असं त्यात दिसलं नाही. उलट काही ठिकाणी मुलं जास्त काळ थांबली आणि पुढे निरोध वापरण्याचं प्रमाण वाढलं. नुसतं ‘संयम पाळा’ एवढंच सांगणाऱ्या कार्यक्रमांचा मात्र उपयोग झालेला दिसला नाही.

यात वयाप्रमाणे टप्पे असतात. पाच ते आठ वर्षांच्या मुलांना शरीराच्या भागांची नावं, आपलं अंग आपलं असतं हे आणि ‘नको’ म्हणायला शिकवतात. पाळी आणि वयात येताना होणारे बदल नऊ ते बाराच्या टप्प्यात येतात. गर्भनिरोधनाचा तपशील त्यानंतरचा. तुमच्या मुलीच्या वर्गातल्या बहुतेक मुलींना एव्हाना पाळी आली असेल. म्हणजे तिच्या बाबतीत आपण घाई करत नाही आहोत, उशीर झालेला आहे.

आता ‘आमचं काय बिघडलं’. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने 2007 मध्ये 13 राज्यांतल्या 12 हजारांहून अधिक मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातल्या 53 टक्के मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक छळ झाल्याचं सांगितलं आणि बहुतेकांनी तो तोवर कुणाजवळही बोलून दाखवला नव्हता. ज्यांचं बिघडलं ते गप्प राहिले, म्हणून आपल्याला सगळं ठीक वाटलं.

मी एका अनुदानित शाळेची मुख्याध्यापिका आहे. दहावीच्या विज्ञानात प्रजननाचा भाग आहे, पण शिक्षक ‘घरी वाचा’ म्हणून पुढे जातात. राज्यात यावर बंदी होती असंही ऐकलंय. आम्ही काय करू शकतो?

बाई, तुमच्या हातात वाटतं त्याहून बरंच काही आहे.

2007 साली केंद्राच्या किशोरावस्था शिक्षण कार्यक्रमातल्या चित्रांवरून गदारोळ झाला आणि महाराष्ट्रासह अनेक राज्यांनी तो थांबवला. 2009 मध्ये राज्यसभेच्या याचिका समितीनेही शाळांतल्या लैंगिक शिक्षणाविरुद्ध मत दिलं. या विरोधाला आपल्याकडे जुना इतिहास आहे. संततिनियमनाचे पुरस्कर्ते र. धों. कर्वे यांनी 1927 पासून लैंगिक विषयांवरचं ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवलं, त्यासाठी अश्लीलतेचे खटले सोसले. 1934 च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील होते. खटला हरले, पण मासिक कर्व्यांनी 1953 मध्ये मृत्यू होईपर्यंत सोडलं नाही. ज्या राज्यात हे घडलं, तिथे आजही शिक्षक हा भाग गाळतात याचं मला फार वाईट वाटतं.

सप्टेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका निकालात लैंगिक शिक्षणाविषयीच्या गैरसमजांची दखल घेतली आणि सर्वंकष लैंगिक शिक्षणाचा आराखडा करण्यासाठी तज्ज्ञ समिती नेमण्याचा विचार करावा, असं केंद्राला सुचवलं. तुम्हाला मात्र कुठल्या समितीची वाट बघायची गरज नाही. तो भाग मंडळाच्या पाठ्यपुस्तकात आहे, त्यावर परीक्षेत प्रश्न येतात. तो शिकवायला वेगळी परवानगी कशाला?

आधी पालकसभा घ्या आणि वर्गात जे दाखवणार ते पालकांना दाखवा. निम्मा विरोध तिथेच मावळतो, कारण प्रत्यक्षात काय शिकवणार हे बहुतेकांना माहीतच नसतं. पाठ मुलामुलींना एकत्र शिकवा. पाळी म्हणजे काय हे मुलग्यांनाही कळू दे, चिडवणं त्यानेच कमी होतं. शंकांसाठी मात्र वेगवेगळा तास ठेवा. वर्गात एक प्रश्नपेटी ठेवा, नाव न लिहिता चिठ्ठी टाकता येईल अशी. चिठ्ठ्या आदल्या दिवशी वाचून घ्या म्हणजे शिक्षक गडबडणार नाहीत. शिकवायला कुणीच तयार नसेल तर ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात चौकशी करा. 10 ते 19 वयोगटासाठी राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम 2014 पासून चालू आहे, त्यातले समुपदेशक शाळेतही येतात.

एक तयारी आधीच हवी. असे तास सुरू झाले की एखादं मूल स्वतःवर झालेला अत्याचार सांगतं. ‘मी कुणाला सांगणार नाही’ असं वचन शिक्षकाने देऊ नये. पोक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. मुलाला हे नीट समजावून सांगायचं, सोबत राहायचं आणि 1098 या मदतवाहिनीचा आधार घ्यायचा.

मी अकरावीत आहे. आठवड्यातून एक-दोनदा झोपेत वीर्य जातं. भिंतीवरच्या जाहिरातीत लिहिलंय की यामुळे शरीर पोखरतं. मी त्यांची पुडी मागवली आहे. घेऊ का?

नको घेऊस. तुला कुठलाही आजार नाही. वयात आल्यावर वीर्य सतत तयार होतं आणि झोपेत आपोआप बाहेर पडतं. कुणाला आठवड्यातून दोनदा, कुणाला महिनोन् महिने नाही, दोन्ही ठीकच. रक्ताच्या इतक्या थेंबांतून वीर्याचा एक थेंब बनतो, हा हिशोब खोटा आहे. थकवा वाटत असेल तर तो बहुधा भीतीचा आणि जागरणाचा. त्या पुडीत काय घातलंय हे तुला कुणी सांगणार नाही, म्हणून ती टाकून दे. लघवीला जळजळ, जखम किंवा रक्त दिसलं तर मात्र डॉक्टरांकडे जा. जाताना लाजू नकोस, त्यांच्याकडे असे प्रश्न घेऊन पुष्कळ मुलं येतात.

माझा मुलगा पहिलीत आहे. शाळेत ‘गुड टच, बॅड टच’ शिकवलं. तेवढं पुरे का?

पुरे नाही. त्रास देणारा माणूस बहुधा ओळखीचा आणि लाडका असतो. त्याचा स्पर्श मुलाला दरवेळी ‘वाईट’ वाटेलच असं नाही, त्यामुळे मूल गोंधळतं. त्यापेक्षा साधे नियम सांगा. चड्डीच्या आतल्या भागाला आंघोळ घालताना किंवा डॉक्टरांकडे आई असतानाच हात लागेल. ‘आईला सांगू नकोस’ असं कुणीही म्हटलं की ते लगेच आईला सांगायचं. त्या भागांची खरी नावंही शिकवा, म्हणजे उद्या काही झालंच तर मुलाला नेमकं सांगता येईल. आणि ‘काकांना पापी दे’ म्हणून त्याला पुढे ढकलू नका. मुलग्याला काय होणार, असं समजून कृपया गाफील राहू नका. वर उल्लेख केलेल्या अभ्यासात छळ झालेल्यांत निम्म्याहून थोडे अधिक मुलगेच होते.

माझी चौदा वर्षांची मुलगी मतिमंद आहे. पाळीत फार हाल होतात. नातेवाईक म्हणतात, गर्भपिशवी काढून टाका. तिला हे शिक्षण काय कळणार?

ताई, तुमची दमछाक मला कळते. तरीही पिशवी काढू नका.

1994 मध्ये शिरूरच्या शासकीय वसतिगृहातल्या अशाच मुलींची गर्भाशयं पुण्यात काढली गेली, तेव्हा महिला संघटनांनी कडाडून विरोध केला. आता 2016 चा अपंग व्यक्ती हक्क कायदा सांगतो की वंध्यत्व येईल असा उपचार तिच्या स्वतःच्या, समजून दिलेल्या संमतीशिवाय करता येत नाही. शिवाय पिशवी काढून अत्याचार थांबत नाही. दिवस राहत नाहीत, एवढंच. करणाऱ्याला ते सोयीचंच.

तिला कळतं, फक्त वेळ लागतो. पाळी नसतानाच रोज ठरलेल्या वेळी पॅड लावून काढायचा सराव करून घ्या. न्हाणीघराच्या भिंतीवर ओळीने चित्रं लावा: चड्डी, पॅड, कागदात गुंडाळणं, हात धुणं. कपडे बदलायची जागा एकच ठेवा, दार लावून. ‘नको’ म्हणण्याचा सरावही असाच रोज करा, तिच्या विशेष शाळेतल्या बाईंना बरोबर घेऊन. रक्तस्राव किंवा पोटदुखी फार असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांना भेटा. दोन्ही कमी करणारी औषधं आहेत.