कागदाचं कोलाज करताना आधी किती ठरवावं?

तुमचा प्रश्न असा आहे, की आधी पूर्ण रेखाटन करून कागद कापले तर कोलाज निर्जीव दिसतं आणि काहीच न ठरवता बसलं तर नुसता पसारा होतो. मग आधी किती ठरवायचं? मी बरीच वर्षं कापलेल्या कागदांची चित्रं करते आहे. गडद-फिकट कुठे असेल ते मी आधी ठरवते, आकार मात्र ठरवत नाही. आणि गोंदाची बाटली शक्य तितकी उशिरा उघडते.

ठरवायचं म्हणजे काय, तर काड्यापेटीएवढ्या चौकटीत पेन्सिलने तीन छटा भरायच्या: गडद, मधली, कोरी. डोळे, पानं, बोटं काही नाही. एवढ्या लहान चौकटीत तपशील मावतच नाहीत, म्हणून ती मला आवडते. चित्राचा तोल तिथे कळला की पुढे हात मोकळा राहतो.

निर्जीवपणा बहुतेक वेळा पेन्सिलच्या रेषेमुळे येतो. कागदावर रेषा असली की नजर तिला चिकटते, कात्री पुढेपुढे टोकाने कुरतडत जाते आणि कडेला बारीक कोपरे पडत राहतात. रेषा नसताना कात्री पूर्ण उघडा, पात्यांच्या मुळाशी कागद घ्या, टोक मिटू न देता कापा. वळण आलं की कात्री नव्हे, दुसऱ्या हातातला कागद फिरवा. मग वाक एका दमात येतो. पहिले चारपाच वाया जातात, जाऊ द्या.

फ्रेंच चित्रकार आँरी मातीसचं उदाहरण इथे खरोखर उपयोगी आहे. 1941 मधल्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर त्याला उभं राहून काम करणं अवघड झालं आणि कात्री त्याचं मुख्य साधन बनत गेली. सहायक गुआशने, म्हणजे अपारदर्शक जलरंगाने, कागद रंगवून ठेवत, तो ते थेट कापे, मग तुकडे भिंतीवर टाचून त्यांच्या जागा पुन्हापुन्हा बदलल्या जात. कापणं झटपट, मांडणी सावकाश. उत्स्फूर्तता आणि विचार एकाच क्षणी एकत्र आणायची गरजच नाही, त्यांना वेगवेगळा वेळ देता येतो. दादा चळवळीतला कलाकार हान्स आर्प याने 1916-17 च्या सुमारास फाडलेले चौकोन योगायोगावर सोडून कोलाज केली असं म्हणतात, पण त्यातले तुकडे एकमेकांवर फारसे चढलेले दिसत नाहीत. मला तरी तिथे नजरेने केलेली निवड दिसते.

माझ्या एका चित्रात पाण्याकाठी उंच मानेचा बगळा हवा होता. पांढऱ्या कागदातून मान कापताना कात्री मध्येच आत वळली, मान आखूड झाली, खांद्याशी खाच पडली. मी तुकडा बाजूला टाकला आणि दोन नव्या माना कापल्या. दोन्ही सुबक होत्या, पण त्यांच्यात जीव नव्हता. दुसऱ्या दिवशी तो आखूड तुकडा निळ्या कागदावर ठेवून पाहिला, तर थंडीत अंग आक्रसून बसलेला बगळा समोर होता! मात्र तो घेतल्यावर डोक्यावर केवढी तरी जागा रिकामी राहिली, म्हणून पाण्याची कड चार बोटं वर घ्यावी लागली. चुकलेला तुकडा ठेवायचा तर बाकीच्या चित्राने त्याच्यासाठी सरकायला हवं. नुसता चिकटवून दिला तर तो चूकच दिसतो. पसारा होतो तो बहुधा यामुळेच.

मांडणी चालू असताना फोनवर कृष्णधवल फोटो काढत राहा आणि पहिल्या छोट्या चौकटीशी ताडून बघा. रंगांच्या मोहात छटा कधी सारख्या झाल्या ते नुसत्या डोळ्यांना कळत नाही. एक रात्र तरी तुकडे सुटेच राहू द्या.

चिकटवताना मात्र काटेकोर राहा. वर ट्रेसिंग पेपर ठेवून प्रत्येक तुकड्याची जागा आखून घ्या, मग खालच्या थरापासून सुरुवात करा. पांढरा गोंद पाणी घालून लावलात तर कागद ओला होऊन फुगतो आणि वाळताना आक्रसून पाठचा पुठ्ठाही वाकवतो. म्हणून अगदी पातळ थर, मधून कडेकडे. वर बटर पेपर आणि जड पुस्तकं ठेवून रात्रभर दाबून ठेवा. वर्तमानपत्राचे तुकडे वापरणार असाल तर त्यातल्या लिग्निन या लाकडातल्या घटकामुळे ते पिवळे पडणार हे धरूनच त्यांची छटा निवडा.