जखमी कुत्र्याला हात लावण्याआधी

धावत जाऊन उचलायचं नाही, नवीन माणसाची पहिली चूक तीच. वेदनेत कुत्रं ओळखीच्यालाही चावतं. गर्दी मागे हटवा. एकाने रहदारी थांबवावी, एकाने पशुवैद्याला फोन, उचलायला दोघं पुरे.

कापडाची लांब पट्टी जबड्याभोवती गुंडाळून गाठ कानांमागे बांधा. धापा टाकत किंवा ओकत असेल तर मात्र तोंड बांधू नका, गुदमरेल. मागचे पाय लुळे दिसले तर पाठ वाकू न देता फळीवर सरकवा. रक्तावर स्वच्छ कापड 5 मिनिटं दाबून धरा. सारखं उचलून बघितलं की धरलेली गुठळी सुटते.

खायला काही नको (भूल द्यावी लागू शकते), माणसांच्या वेदनाशामक गोळ्या तर मुळीच नाहीत. चावलंच तर जखम साबण-पाण्याने 15 मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजची लस. उपचाराच्या खर्चासाठी वर्गणीचं नंतर बघू, आधी दवाखाना.