मुलगी सज्ञान झाली, आता तिची फाइल कोणाकडे?

प्रश्न : मुलगी २४ वर्षांची आहे. चौथ्या वर्षी तिचं ‘टेट्रालॉजी ऑफ फॅलो’ या जन्मजात हृदयदोषाचं ऑपरेशन झालं. ‘भोक बुजवलं, आता काही नाही,’ एवढंच आम्ही तिला सांगितलंय. सध्या स्थळं पाहतोय. परवा डॉक्टरांनी आम्हाला बाहेर बसवून तिच्याशी एकटीशी बोलणं केलं. हे बरोबर आहे का? आणि मुलाकडच्यांना सांगायचं का?
– एक आई, सांगली

उत्तर : ताई, डॉक्टरांनी केलं ते बरोबरच. अठरा पूर्ण झाली की संमती तिची आणि रिपोर्टही तिचा. तुम्ही सोबत बसायचं की नाही, हे तिनं ठरवायचं. इतकी वर्षं तुम्ही तिला जपलंत, पण ‘आता काही नाही’ हे खरं नाही, आणि ते तिला कळायला हवं.

या ऑपरेशनमध्ये हृदयातलं भोक बुजवतात आणि फुफ्फुसाकडे जाणारी अरुंद वाट रुंद करतात. त्यासाठी पुष्कळदा झडपेवरूनच छेद घेऊन पॅच लावावा लागतो. मग झडप नीट मिटत नाही, रक्त मागे गळतं आणि उजवा कप्पा वर्षानुवर्षं ताणला जातो. बराच काळ त्रास जाणवत नाही, म्हणून तपासण्या सुटतात. धाप किंवा धडधड सुरू होईपर्यंत थांबलं, तर नवी झडप बसवण्याची योग्य वेळ टळलेली असू शकते.

जुनी फाइल आजच तिच्या हाती द्या. पॅच कुठे लावला, हे ऑपरेशनच्या नोंदीतच सापडतं. २००२च्या वैद्यकीय आचारनियमांनुसार डॉक्टरांवर नोंदी तीनच वर्षं जपण्याचं बंधन आहे, तेव्हा तुमच्या कपाटातली प्रत कदाचित एकमेव असेल. पुढे ईसीजी, इको आणि उजव्या कप्प्याचं नेमकं माप घ्यायला एमआरआय, हे सगळं प्रौढांमधले जन्मजात हृदयदोष पाहणाऱ्या हृदयरोगतज्ज्ञांकडे व्हावं.

आता स्थळाचं. सांगायचं ते तिनंच, थेट मुलाला आणि साखरपुड्याआधी. डॉक्टर परस्पर कुणाला सांगणार नाहीत, तुम्हीही सांगू नका. लपवणं मात्र घातक आहे. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १२ नुसार, महत्त्वाची गोष्ट लपवून संमती मिळवली असेल तर विवाह रद्द करून मागता येतो. शिवाय सासरी लपवाछपवी असली की तपासणीला जाणंही चोरून होतं आणि शेवटी थांबतं.

मूल हवं की नको, हाही तिचाच निर्णय. ऑपरेशन झालेल्या बहुतेक स्त्रियांना गरोदरपण झेपतं, पण तपासणी दिवस राहण्याआधी हवी, आणि १८ ते २२ आठवड्यांदरम्यान गर्भाच्या हृदयाचा इकोही.