अर्धवाहक शिकवताना बँडची आकृती शेवटी काढा

मॅडम, तासगावच्या तुमच्या अकरावीच्या वर्गाला अर्धवाहकांच्या (धातू आणि विसंवाहक यांच्या मधल्या, सिलिकॉनसारख्या पदार्थांच्या) व्याख्या तोंडपाठ आहेत, पण "अर्धवाहक तापवल्यावर रोध का घटतो?" विचारलं की सगळे गप्प, असं तुम्ही लिहिलंय. माझ्या मते घोळ क्रमात आहे. पहिल्याच तासाला आपण फळ्यावर व्हॅलन्स आणि कंडक्शन बँड (अणूंना बांधलेल्या आणि मोकळ्या इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जेचे पट्टे) काढून मोकळे होतो. ती आकृती कुठल्या प्रश्नाचं उत्तर आहे, हे पोरांना कळतच नाही.

आधी मल्टिमीटर काढा. जुना 60 वॉटचा पिवळा बल्ब थंड असताना साठ-सत्तर ओहम दाखवतो. पेटल्यावरचा रोध मुलांनाच काढू दे: 230 चा वर्ग भागिले 60, म्हणजे 880 च्या वर. धातूचा रोध तापल्यावर वाढतो, हे झालं. मग 4007 डायोड (एकाच दिशेने वीज जाऊ देणारा सिलिकॉनचा भाग) घ्या, मीटर डायोडच्या खुणेवर. आकडा 600 मिलिव्होल्टच्या आसपास येईल. डायोडचं नुसतं काळं अंग चिमटीत धरायला सांगा, आकडा अंशाला साधारण 2 ने उतरतो. हा थेट रोध नव्हे, पण उष्णतेने प्रभार वाहून नेणारे कण वाढल्याची खूण आहे. हे डिसेंबरात करा. मे महिन्यात आपल्याकडे खोली बोटांपेक्षा गार नसतेच!

मग भागाकार, आणि इथे अजिबात घाई नको. सिलिकॉनच्या एका घनमीटरमध्ये 5×10²⁸ अणू, 300 केल्विनला मुक्त इलेक्ट्रॉन 1.5×10¹⁶. म्हणजे तीन लाख कोटींहून जास्त अणूंमागे एक! आता दहा लाखांत एक फॉस्फरसचा अणू घाला: मुक्त इलेक्ट्रॉन तेहतीस लाखपट. डोपिंग, म्हणजे अशी भेसळ, कशाला करतात, हा प्रश्न मग कोणी विचारत नाही.

होल, म्हणजे इलेक्ट्रॉन निघून गेल्यावर उरलेली मोकळी जागा, समजवायला साखर कारखान्यापुढची उसाच्या गाड्यांची रांग पुरते. गाड्या एकेक करून पुढे सरकतात, मोकळी जागा मागे मागे जाते.

एन-टाइपच्या, म्हणजे असा फॉस्फरस घातलेल्या, तुकड्यावर प्रभार कोणता, हे मात्र विचाराच. निम्मा वर्ग 'ऋण' म्हणेल. फॉस्फरस जादा इलेक्ट्रॉन आणतो तसा केंद्रकात जादा प्रोटॉनही आणतो, त्यामुळे तुकडा उदासीनच राहतो.

बँड सगळ्यात शेवटी, तेही एलईडी हातात देऊन. तांबडा 1.8 व्होल्टच्या आसपास पेटतो, निळ्याला अडीचच्या वर लागतात. हा फरक का, म्हटलं की आकृती काढून दोन बँडमधलं अंतर दाखवा. फक्त 9 व्होल्टच्या बॅटरीला एलईडी थेट लावू देऊ नका, मध्ये 470 ओहमचा रोध हवा.