लंडनमध्ये आई-बाबांना घेऊन जेवायला भारतीय रेस्टॉरंटमध्ये कुठे जावं? तिथलं जेवण गोडुस असतं हे खरं का?

तुम्ही लिहिलंय की दोन आठवडे आहात, आई शाकाहारी, बाबांना सगळं चालतं आणि तिसऱ्या दिवसापासून दोघांना भात-भाजीची आठवण येणार. तिसऱ्या कशाला, दुसऱ्याच संध्याकाळी येईल. माझ्याकडे दोन्हीकडचे आई-वडील येऊन गेलेत, अनुभवाने सांगतोय.

गोडाचं खरं आहे, पण सगळीकडे नाही. इथे पाटीवर ‘इंडियन’ लिहिलेलं असलं तरी आत कोण रांधतंय ते आधी बघायचं, मग मेन्यू उघडायचा. माझं पहिलं वर्ष हे न कळल्यामुळे वाया गेलं.

ऑफिसातल्या लोकांनी शुक्रवारी ‘करी’ खायला नेलं. मी मोठ्या ऐटीत विंदालू मागवलं. डोक्यात गोवा, व्हिनेगर, लसूण. आलं काय, तर लाल रस्सा, त्यात चिकन आणि एक बटाट्याची फोड! विंदालूतला ‘आलू’ म्हणजे बटाटा अशी समजूत करून घेतलेली. मूळ शब्द पोर्तुगीज, त्याचा बटाट्याशी काही संबंध नाही. आंबटपणा नाही, लसूण नाही, नुसतं तिखटजाळ. शेजारच्याने कोर्मा घेतला होता, तो चाखला तर बासुंदीत चिकन पडल्यासारखा. पारशांच्या डाळ-मटणाच्या धनसाकात अननस निघाला. ‘बॉम्बे आलू’ हा पदार्थ तर मुंबईत जन्म काढून मी तिथेच पहिल्यांदा पाहिला.

नंतर कळलं की ही फसवणूक नाही, हा वेगळाच स्वयंपाक आहे. ही जुनी करी हाउसं बहुतेक बांगलादेशातल्या सिल्हेटच्या लोकांनी उभी केली. आपण आठवड्याचं वाटण करून फ्रीजमध्ये ठेवतो ना, तसा तिथे दुपारीच कांदा शिजवून, घोटून मोठं पातेलंभर रस्सा करून ठेवतात. ऑर्डर आली की कढईत डावभर रस्सा घ्यायचा. साय, नारळ, साखर घातली की कोर्मा, तिखट वाढवलं की मद्रास, आणखी वाढवलं की विंदालू. म्हणून दहा मिनिटांत टेबलभर दहा भाज्या येतात आणि सगळ्यांची चव एकाच घरातली लागते. इंग्रज मंडळी यावर मनापासून प्रेम करतात, करू देत. एकदा गंमत म्हणून ब्रिक लेनला जा, पूर्व लंडनमधला अशा करी हाउसांचा रस्ता. बाहेर उभा राहून सूट देणारा माणूस जितका आग्रही, तितकं आतलं जेवण बेताचं, हे आपलं माझं मत. पण कुठे मेन्यूच्या कोपऱ्यात सातकोरा घातलेलं मटण दिसलं तर बाबांसाठी जरूर मागवा. सातकोरा हे सिल्हेटकडचं जाड सालीचं लिंबू, सालीसकट शिजवतात, किंचित कडवट लागतं. ते त्यांच्या घरचं जेवण असतं आणि त्यात साखर नसते.

आईंसाठी मात्र वेम्ब्लीची ईलिंग रोड. १९७२ साली इदी अमीनने युगांडातून हाकललेले आणि आजूबाजूच्या देशांतून आलेले गुजराती या भागात बरेच स्थिरावले. शुद्ध शाकाहारी हॉटेलं आहेत, ‘जैन’ म्हटलं की पुढचं काही समजावून सांगावं लागत नाही. गुजराती डाळ गोड असतेच, पण तो गोडवा आपल्या ओळखीचा. मोगो मागवायला विसरू नका, त्याचं शेवटी सांगतो.

डोसा-इडलीसाठी टूटिंग किंवा ईस्ट हॅम. तमिळ आणि श्रीलंकन वस्ती आहे, सांबार साखरेविना मिळतं. बाबांना कोत्तु रोटी द्या. तव्यावर दोन पात्यांनी ठकठक करत पराठा कापतात, तो आवाज रस्त्यावर ऐकू येतो. शहराच्या मध्यातच असाल आणि एवढं लांब जायचा कंटाळा असेल तर यूस्टन स्टेशनमागची ड्रमंड स्ट्रीट. भेळ, डोसा, थाळी सगळं चालत जाण्याच्या अंतरावर. पंजाबी हवं तर साउथॉल, त्यात मी काय नवीन सांगणार.

डिशूम या रेस्टॉरंटबद्दल सगळेच विचारतात. इराणी कॅफेचा थाट आहे, काम नीटनेटकं आहे, पण संध्याकाळी रांग लागते आणि आई-बाबांना थंडीत उभं करू नका. सकाळी नाश्त्याला जा. माझे बाबा बिल बघून म्हणाले, “एवढ्यात इराण्याकडे महिनाभर ब्रुन-मस्का झाला असता.” चहा मात्र दोनदा घेतला.

वडापावची तल्लफ आली तर हाउन्सलोला श्रीकृष्ण वडापाव आहे, मुंबईच्या दोन मित्रांनी २०१० साली सुरू केलेलं. पिकॅडिली लाइनने हीथ्रोला जाता-येता उतरता येतं. पिठलं-भाकरीची अपेक्षा मात्र घरीच ठेवून या.

आता पैशांचं. बसल्याबसल्या पापड आणि चटण्यांचा ट्रे पुढे येतो. आपल्याला वाटतं पाहुणचार आहे. नाही, बहुतेक ठिकाणी माणशी पैसे लावतात. नको असेल तर तिथल्या तिथे परत करा. पाणी मागताना ‘टॅप वॉटर’ म्हणा, नाहीतर बाटली येते आणि बिलात चढते. दारू विकणाऱ्या हॉटेलला नळाचं पाणी फुकट द्यावंच लागतं. बिलाच्या खाली बहुधा साडेबारा टक्के सर्व्हिस चार्ज असतो. मागे आम्ही चौघं जेवलो, ६१.२० पाउंडांवर ७.६५ चढले, आणि मी न बघता वर आणखी टिप ठेवून आलो. बिलावर ‘ऑप्शनल’ असेल तर काढून टाका म्हणता येतं, पण जेवण चांगलं झालं असेल तर द्यावा. बरीच हॉटेलं तीन ते साडेपाच-सहा बंद असतात, तेव्हा फिरून उशिरा जेवू हा बेत फसतो.

हां, मोगो. म्हणजे कसावा, ज्या कंदाचा आपला साबुदाणा होतो तोच. पूर्व आफ्रिकेतून हे लोक तो सोबत घेऊन आले. तळून वर मीठ-तिखट-लिंबू. सासूबाईंना संकष्टीच्या दिवशी वेम्ब्लीला नेलं होतं, त्यांना हे सांगितल्यावर त्यांचा चेहरा खुलला, साबुदाण्याचा कंद म्हणजे उपासाला चालणारच. मग त्यांनी वाढणाऱ्या बेनना विचारलं, “तेल वेगळं आहे का समोशाचं?” बेन आत जाऊन आल्या आणि म्हणाल्या, “तेल तो एक ही है, माजी, उबाल के दूँ?” थोड्या वेळाने उकडलेला मोगो आला, वर जिरं-मिरचीची फोडणी. सासूबाईंनी सगळी बशी संपवली. बिलात तो ‘मोगो चिप्स’ म्हणूनच लागला होता.